शेवाळ खाणारा मासा

"ह्यो काय खाता?" आयेने विचारलं.

दुकानदार बागवान काचेवर बोट ठेवून उभा होता. आत तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा अंगावरचे सगळे काटे पसरून जागच्या जागी हलत होता.

"लायन फिश म्हणतात ह्याला, मामी. खाऱ्या पाण्यात ह्याच्याएवढा रुबाब कुणाचा नाही. हॉलमध्ये ठेवा, येणारा-जाणारा बघतच राहील."

"ता नाय इचारूक. खाता काय?"

"बारकी मासळी. जिवंत सोडली तर लगेच गट्टम."

"नको," आये म्हणाली आणि पुढच्या टाकीकडे वळली.

पुढच्या टाकीत दगडाच्या फटीतून तोंड काढून एक वाम बसली होती. तिच्याबद्दल बागवान काही बोलायच्या आत आयेने मान हलवली. वाम काय खाते ते तिला सांगायची गरज नव्हती. त्याच्या पुढच्या टाकीतला जाड ओठांचा मासा खेकडे आणि कालवं फोडून खातो म्हणे. तोही नको. नंतरचा कोळंबी खायचा. तोही नको. बागवान बिचारा घामाघूम झाला.

"मामी, मासे घ्यायचे आहेत का जावई बघताय?" तो शेवटी म्हणाला.

आमचे हे, रंगराव, मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. मी मुळातच फटकळ बाई, आणि त्या दिवशी तर डोकं फिरलंच होतं. मी आयेच्या कानाशी जाऊन म्हटलं, "तू मासे सोडलेस ते सोडलेस, आता माशांच्या गळ्यातही माळ घालणार आहेस का?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आयेने मासे सोडून दोन वर्षं होत आली होती. दर्यावर जगणाऱ्या गाबताच्या घरात जन्मलेली, गाबताच्या घरात दिलेली बाई. आमच्या घरी मासळी नसलेलं जेवण म्हणजे सणवार नाहीतर आजारपण. पण माझा धाकटा भाऊ विश्राम ज्या ट्रॉलरवर होता तो वादळात बुडाला आणि त्या दिवसापासून तिने मासळीला हात लावला नाही. ट्रॉलरवरच्या बाकीच्यांची प्रेतं एकेक करून किनाऱ्याला लागली. विश्राम तेवढा सापडला नाही. आये सगळ्यांना एकच सांगायची, "माजो झील येतलो. तो येयसर मी मासळी खावचंय नाय. नवस बोललंय."

आमच्याकडे असा कुणी दर्यात नाहीसा झाला की घरचे लोक काही काळ वाट बघतात आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग बारावं, तेरावं सगळं रीतसर. त्याशिवाय ना मेलेला सुटतो ना मागे राहिलेला. विश्रामची बायको दर्शना माहेरी जाऊन राहिली होती, पण कपाळाला कुंकू आणि हातात हिरवा चुडा तसाच. वय काय तिचं, पंचविशीही गाठली नव्हती. तिच्या वडिलांनी, जगन्नाथ खवळ्यांनी, वेंगुर्ल्याचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. बंदरावर कारकून, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, माणूस सरळ. कोर्टाचं काय ते वकील बघणार होता. पण पुतळ्याचा विधी झाल्याशिवाय गावात तोंड कसं दाखवायचं, आणि आयेने हो म्हटल्याशिवाय विधी कसा करायचा? खवळे मला फोन करून करून थकले. "कुंदाताई, तो मनुष्य तरी किती थांबतलो? तुमच्या आवशीचो एक शब्द होयो."

तो शब्द आये देत नव्हती. उलट रोज संध्याकाळी माझ्या घरच्या फोनवरून ती दर्शनाला फोन लावायची. "जेवलंस मा? आज सपनात इलो हां तो. अंगार निळो शर्ट होतो. येतलो गो. तू कुकू पुसू नको." हे रोज. मी स्वयंपाकघरात भांडी आदळायची. एका पोरीला रोज संध्याकाळी खुंट्याला बांधून ठेवते ही बाई, असं माझ्या मनात यायचं, आणि दोन-चारदा मी ते तोंडावर बोललेही. आये चहा पीत राहायची.

गावी ती एकटी राहायला लागल्यावर सुकत चालली म्हणून मी तिला कोल्हापूरला आणलं होतं. इथे येऊनही तेच. खिडकीशी बसायची, समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. ताटातलं निम्मं परत. भाजीवर मीठ घ्यायची, आमटीवर मीठ घ्यायची, तरी म्हणायची, "अळणी लागता." डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, मन लागत नाही.

रंगरावांनी ते मनावर घेतलं. आमचे हे फाउंड्रीत पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे करायच्या कामाला, हाताला सारखा चाळा लागायचा. घरात गोड्या पाण्याचे मासे होतेच. एक दिवस म्हणाले, "मामींना समुद्राची सवय. घरातच बारका समुद्र करून देऊ की."

मी म्हटलं, "अहो, ज्या समुद्राने पोरगा नेला तो घरात आणताय?"

"बघ की काय होतंय ते. नाही जमलं तर काढून टाकू."

चार फुटी काच आली. बागवानाकडचं पुड्यातलं खास मीठ आलं, पाण्यात सोडून खारेपणा मोजायचा काटा आला, वाळू आली, सच्छिद्र दगड आले. पाणी पिकल्याशिवाय, म्हणजे माशांना मानवेल असं मुरल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत, असं बागवानाने बजावलं होतं, त्यामुळे महिनाभर नुसतं पाणी गोल गोल फिरत होतं. आणि काय सांगू, आये खिडकी सोडून त्या रिकाम्या पाण्यासमोर बसायला लागली. तिथेच जेवायची. ताट पुसून जायला लागलं. एकदा मला म्हणाली, "मासे कित्याक हाडतास? ह्या असाच रवांदे."

पण रंगराव ऐकतात होय. मासे नसलेली टाकी ठेवायची तर पाण्याची घागर काय वाईट, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आम्ही तिघं त्या दिवशी बागवानाच्या दुकानात.

शेवटच्या रांगेत एक निळा मासा होता. ताटलीसारखा चपटा, पाठीवर पिवळी पट्टी, तोंड एवढंसं. दगडावर तोंड घासत इकडून तिकडे फिरत होता.

"ह्यो?"

"हा सर्जन फिश, मामी. हा तुमच्यासारखाच. शेवाळ खातो." बागवानाने सुटकेचा श्वास टाकला. "उकडलेला पालक दिलात तरी चालतोय. पण खरं सांगू का, ह्याला पळायला जागा लागते. चार फुटात कोंडल्यागत होईल. नव्या माणसाने हा घेऊ नये."

"मांस खाता?"

"नाही ओ. दिवसभर शेवाळ खरवडत बसतो."

आये काचेजवळ वाकली. कितीतरी वेळ बघत राहिली. तो निळा मासा दगडाला चोच लावत होता, सोडत होता, परत लावत होता. मग ती सरळ झाली आणि म्हणाली, "ह्यो घेवया."

बागवानाने परत टाकीच्या मापाचा विषय काढला, पण आयेचा चेहरा बघून रंगराव म्हणाले, "बांधा." त्याच्या जोडीला त्यांनी स्वतःच्या हौसेने दोन नारिंगी पट्टेवाले घेतले. आयेने त्यांचंही विचारलं. बागवान आता शहाणा झाला होता. "दाणे टाकतो मी ह्यांना, मामी. कोरडे दाणे."

घरी आल्यावर पालकाची पानं उकडून, चिमट्यात धरून काचेला लावायचं काम आयेने स्वतःकडे घेतलं. सकाळी अंघोळ झाली की पहिलं ते. निळा यायचा आणि पान ओरबाडायचा. आये बघत राहायची. तिच्या चेहऱ्यावर मी त्या दिवसांत काहीतरी बघितलं, त्याला आनंद म्हणणार नाही, पण घट्ट मुठीची बोटं जराशी सैल होतात तसं. मला वाटलं, आता विषय काढावा. काढला.

"आये, खवळ्यांचा परत फोन आला होता."

"येवंदे."

"तो वेंगुर्ल्याचा माणूस थांबायला तयार नाही आता. त्या पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. तुला नाही म्हणायचं असेल तर निदान कारण तरी दे."

"कारण दिलंय. येतलो तो."

"कुठून येणार? बाकीचे सगळे मेले, हा एकटा पोहत कुठे गेला? तू आई आहेस, तुझं मी समजू शकते. पण तिचा काय गुन्हा?"

आये पालकाचे देठ मोडत होती. म्हणाली, "कुंदा, तू माका बोल काय ता. पण तिका असला कायएक सांगू नको. शप्पत आसा तुका."

मी चरफडत उठले. शप्पत घातल्यावर बोलणार काय, डोंबल.

दोन-तीन दिवसांनी, दुपारची, आये टाकीवरचं झाकण उघडून उभी असलेली मी बघितली. बोट पाण्यात बुडवून तिने जिभेला लावलं. मला म्हणाली, "ह्या पाणी अळणी आसा. म्हणान ते नारंगी गप पडून आसत."

"माप काट्याने बघतात, आये. हे आले की बघतील."

"दर्याचा पाणी माका काटो शिकवतलो?"

मी हसून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. खाली आले तर स्वयंपाकघरात जाड्या मिठाची बरणी ओट्यावर, झाकण बाजूला, आणि आये पदराला हात पुसत होती. भाजीसाठी घेतलं असेल म्हणून मी विचारलंही नाही. आता तुम्ही म्हणाल, कोळणीला पाण्याची चव कळत नाही? जन्मभर कळत होती. पण दोन वर्षांत तिच्या जिभेला कशाचीच चव राहिली नव्हती हे मलाही माहीत होतं, तिलाही असणार. ती विसरली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले. मी पोळ्या लाटत होते. आये रोजच्यासारखी पालकाचं पान घेऊन बाहेर गेली आणि बाहेर एकदम शांत. रोज ती माशाशी काहीबाही पुटपुटायची, तेही नाही. मी हाक मारली. हाताचं पीठ तसंच घेऊन बाहेर गेले.

आये टाकीसमोर उभी होती. चिमटा हातात, पान चिमट्यात. आत एक नारिंगी मासा वाळूवर मरून आडवा पडला होता. आणि तो निळा, शेवाळ खाणारा, त्याच्या पोटाला चोच लावत होता, सोडत होता, परत लावत होता. पांढरा धागा निघाला पोटातून. तो त्याने गिळला. मग वर सरकला आणि डोळ्याजवळ चोच मारायला लागला.

मी जाळी शोधायला वळले. आयेने माझं मनगट धरलं.

"रव. बगूदे माका."

"काय बघायचंय त्यात? मेलेलं आहे ते, उचलते."

"शेवाळ खाता म्हणालो मा तो?"

"अगं, समोर आयतं पडलं तर कुणीही तोंड लावणारच."

"सगळेच खातत," आये म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारात भाव सांगावा तसा. "माका वाटलेला, एक तरी जात असात. जी मनशाक तोंड लावणा नाय. इतक्या मोठ्या दर्यात एक तरी." मग खाली बसली, जमिनीवरच. "कुंदा, जेटीर मी गेलेलंय. बाकीच्यांका काढल्यानी तेवा. तू येवची होतंस, गाडयेत होतंस. मी एकेकाचा तोंड बगलंय, आपलो खयचो ता बगूक. तोंडा खय होती? डोळे नाय, ओठ नाय. शर्टावरसून वळकाची लागली. तेवाच समाजलंय मी. जो सापडाक नाय तेचा काय झाला असतला ता."

मी तिच्याजवळ बसले. पिठाचे हात कुठे ठेवावे ते कळेना.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पयल्यापासून."

"आणि नवस?"

"कसलो नवस? मासळी गळ्याखाली उतरात काय गो माज्या? ताटातल्या बांगड्यान कोणाक खाल्ल्यान ता माका कसा समजतला?"

मला रडू फुटलं ते त्या वाक्याला. दोन वर्षं मी तिला हट्टी म्हणत होते, खुळी म्हणत होते. आये रडत नव्हती. टाकीकडे बघत होती.

"मग दर्शनाला रोज खोटं का सांगतेस?" मी विचारलं.

"ती बावीत उतरलेली. तू परत कोल्हापुराक इलंस त्याच हप्त्यात. कोणाक म्हायत नाय, तिच्या बापाशीक पण नाय. मी पायऱ्यार जावन तिका सांगलंय, अगो वेडे, तो येतलो, माका देवान सांगल्यान, तू मेलंस तर तो कोणाकडे येतलो? तेवा वर इली. दुसऱ्या दिवशी परत तशीच बसली. परत सांगलंय. तेवापासून रोज सांगतंय."

सांगितलं ना, मी फटकळ बाई. डोळे पुसले आणि म्हटलं, "ते तेव्हा ठीक होतं. दोन वर्षं झाली आता. तू असं किती दिवस तिला जगवणार? तिच्यासमोर एक आयुष्य उभं आहे आणि ती विश्रामच्या शर्टाच्या घड्या घालत बसलीय. आज सांग. मीही सोबत बसते."

"तू सांग."

"मी सांगून तिला पटेल? तिचा विश्वास तुझ्यावर आहे."

आयेने चिमट्यातलं पान काढून खाली ठेवलं. मग म्हणाली, "आज नारंगी मेलो, तो माझ्यान मेलो. मीठ मी टाकलंय काल. माका काय समजणा नाय आता, कुंदा. तू म्हणतंस तर सांगतंय."

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला फोन लावला. रंगराव दाराशी उभे राहिले. आमच्या त्या जुन्या फोनचा आवाज एवढा मोठा की पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं.

"आये, आज उशीर केलास," दर्शना म्हणाली. आवाजात लाड होता. "सपान पडला काय?"

"नाय गो. ऐक. विश्राम नाय येवचो."

मग ती म्हणाली, "देवान सांगल्यान?"

"देवान कायएक सांगूक नाय. कदी सांगूकच नाय. मी सांगी होतंय. माका पयल्यापासून म्हायत होता बाय. तू बावीत जावचंस नाय म्हणान..."

"निळो शर्ट?"

"ता पण मीच."

"रोजचा सगळा?"

"रोजचा."

मला वाटलं, ती किंचाळेल, शिव्या देईल. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, आपटल्याचासुद्धा नाही. थोड्या वेळाने खवळ्यांचा फोन आला. म्हणाले, माजा चेडू खोलीत जाऊन बसलंय, पण बरा झाला, तुमच्या आवशीचे उपकार, आता विधीचा दिवस बघूया. मी त्यांना खिडकीतून नजर ठेवा, खोलीला कडी लावू देऊ नका, असं सांगितलं. का, ते सांगावंच लागलं.

रंगरावांनी त्याच आठवड्यात उरलेले मासे बागवानाला परत दिले आणि टाकी काढून टाकली. आये गावी परत गेली. पळसाच्या पानांचा पुतळा झाला, त्याला विश्रामचा एक सदरा घातला, किनाऱ्यावर अग्नी दिला. दर्शना आली होती. बायकांनी सांगितलं ते सगळं तिने केलं, बांगड्या स्वतःच्या हाताने फोडल्या. आयेने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला तेव्हा ती बाजूने निघून गेली. मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या माणसाशी तिचं लग्न झालं. माणूस खरंच चांगला निघाला. दोन मुलं झाली, घर बांधलं, चार बायकांसारखी सुखाने राहिली. मी दर दिवाळीला फोन करायची, ती चांगलं बोलायची. आयेशी मात्र ती पुन्हा एक अक्षर बोलली नाही. आये संध्याकाळी फोनजवळ बसायची, एवढं मला शेजारचे सांगायचे.

कितीतरी वर्षांनी आये वारली तेव्हा मी दर्शनाला कळवलं. येईल असं वाटलं नव्हतं, पण आली, नवऱ्याला घेऊन. अंगाने भरली होती, केस पांढरे व्हायला लागले होते. तो बाहेर गाडीशी थांबला. ती आत येऊन माझ्या शेजारी बसली. बायका एकेक करून उठून गेल्या. मला राहवलं नाही.

"दर्शना, तुझ्या भल्यासाठीच सांगितलं गं तिने. मीच सांगायला लावलं. आता बघ, तुझा संसार झाला, पोरं झाली. सांगितलं नसतं तर?"

"तसा नाय, कुंदाताई. माका सगळा मान्य आसा," ती म्हणाली. "ह्यो मनुष्य बरो आसा, पोरा बरी आसत. पण आयेन आजून थोडे दिवस खोटा बोलाक होया होता."

"किती दिवस बोलली असती ती?"

तिने खरोखरच विचार केला.

"मी मरापर्यंत," ती म्हणाली. बाहेर नवऱ्याने गाडीचा हॉर्न वाजवला, तशी पदर सारखा करून ती उठली.